महिलांचे आरोग्य वजनकाट्यावर थांबू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महिलांच्या आरोग्याविषयी तज्ज्ञ डॉक्टर आता दवाखान्याबाहेर पडून, चारचौघींना समजेल अशा मराठीत बोलू लागले आहेत, ही मनापासून स्वागत करावी अशीच गोष्ट आहे. २०२२ च्या नवरात्रात राज्य सरकारने ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ हे अभियान सुरू केले, सप्टेंबर २०२५ मध्ये ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ ही देशव्यापी मोहीम झाली, आणि आपल्या मुंबईत तर महिला दिन असो की गणेशोत्सव, मंडळे आणि सोसायट्या हौसेने आरोग्य शिबिरे भरवतात. प्रसूतिगृहात परिचारिका म्हणून नोकरीची सगळी वर्षे काढल्यामुळे आणि निवृत्तीनंतर अशा शिबिरांत मदतीला जात असल्यामुळे एक गोष्ट कळकळीने मांडावीशी वाटते. या कार्यक्रमांच्या निमंत्रणावर आहार, पोषण आणि स्त्री-आरोग्य असे शब्द असतात, पण प्रत्यक्षात सगळी चर्चा वजन कमी करण्यापाशी येऊन थांबते, आणि या शहरातल्या कित्येक बायकांचा रक्तक्षयाचा (रक्त कमी असण्याचा) जो खरा प्रश्न आहे तो तसाच राहतो.

परळ भागातल्या एका शिबिरात पाहिलेला प्रसंग सांगते. दारातच इलेक्ट्रॉनिक काटा, भिंतीला चिकटवलेली उंचीची पट्टी आणि टेबलावर बीएमआयचा (उंचीच्या मानाने वजन किती याचा) आकडा काढून चिठ्ठी देणारी मुलगी, अशी व्यवस्था होती. चार घरी पोळ्या करणारी, चाळिशीतली एक बाई काट्यावरून उतरली, तिच्या चिठ्ठीवर ‘नॉर्मल’ असे लिहिले गेले आणि तिला पुढे जायला सांगितले. तिच्या खालच्या पापणीची आतली बाजू जवळजवळ पांढरी पडली होती, नखे चपटी झाली होती आणि दोन वाक्ये बोलताना तिला धाप लागत होती. रक्त तपासण्याची सोय तिथे नव्हतीच. ज्यांचे वजन जास्त भरले त्यांना मात्र समुपदेशनाच्या टेबलाकडे पाठवले जात होते आणि त्या टेबलावर प्रथिनांच्या पावडरीचे डबे व सवलतीची कुपने मांडलेली होती. त्या बाईला मी दुसऱ्या दिवशी पालिकेच्या दवाखान्यात नेले, तेव्हा हिमोग्लोबिन साडेसात निघाले. गरोदर नसलेल्या स्त्रीचे ते किमान बारा असायला हवे.

ही एकटीदुकटीची गोष्ट नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. आधीच्या फेरीत हेच प्रमाण ४८ टक्के होते, म्हणजे ते वाढले आहे. त्याच सर्वेक्षणात जवळपास २३ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर जास्त आणि सुमारे २१ टक्के स्त्रियांचे प्रमाणापेक्षा कमी आढळले. एकाच राज्यात, एकाच वस्तीत, कित्येकदा एकाच घरात सासू लठ्ठ आणि सून हडकुळी असते, आणि रक्त दोघींचेही कमी असते. अशा ठिकाणी सर्वांना सरसकट ‘वजन आटोक्यात ठेवा’ एवढेच सांगून कसे भागेल?

शिवाय आपल्याकडे वजनाचा आकडा फसवा असतो, हे जगाला दाखवून दिले ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माता आणि बालकांचा जो अभ्यास केला, त्यात आपली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची, असे दिसले. पण वजनात एवढी तूट असूनही आपल्या बाळांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती आणि कमी पडले होते ते स्नायू. बाहेरून बारीक आणि आतून चरबीयुक्त अशी ही ठेवण पुढे आयुष्यभर सोबत राहते आणि मधुमेहाची वाट मोकळी करते. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे गेला की जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा, तर स्त्रीच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत हवा, असे निकष इथल्या तज्ज्ञांनीच ठरवले आहेत. घेर मोजायला शिंप्याकडची टेप पुरते. तरीही मी पाहिलेल्या शिबिरांत ती टेप क्वचितच दिसली, आणि काही ठिकाणी तर २५ पर्यंतचा बीएमआय बिनधोक असल्याचा तक्ता भिंतीवर लावलेला होता.

आहाराने काय साधते याचा पुरावा शोधायला परदेशी जाण्याचीही गरज नाही, कारण तो याच शहरात तयार झाला आहे. डॉ. रमेश पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ पासून काही वर्षे मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील साडेसहा हजार स्त्रियांवर एक मोठा अभ्यास केला. निम्म्या स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध घालून केलेला खाऊ दिला गेला, तर उरलेल्यांना तसाच दिसणारा पण कांदा-बटाट्यासारख्या भाज्यांचा. सरसकट सर्व बाळांच्या वजनात फरक पडला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. मात्र दिवस राहण्यापूर्वी किमान तीन महिने ज्यांनी हा खाऊ खाल्ला त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने जड भरली, आणि तीही आई फार हडकुळी नसेल तेव्हाच. याहून मोलाची बाब म्हणजे गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण कांदा-बटाट्याच्या खाऊच्या गटात १२.४ टक्के, तर पालेभाजी-फळे-दुधाच्या खाऊच्या गटात ७.३ टक्के आढळले. हा परिणाम कुठल्या डब्यातल्या पावडरीचा नव्हता. तो पालेभाजी, फळ आणि दुधाचा होता, आणि तो गरोदरपणाची नोंदणी होण्याआधी सुरू करावा लागतो. नवव्या महिन्यात धावपळ करणारी किती कुटुंबे मी पाहिली आहेत! नव्याने लग्न झालेल्या मुलींपर्यंत ही माहिती पोहोचवण्याचा एखादा तरी कार्यक्रम व्हावा, असे वाटते.

आता सल्ल्याविषयी. व्यासपीठावरून ‘संध्याकाळी सातच्या आत जेवा’ असे सांगितले जाते, तेव्हा समोर बसलेल्या बायकांपैकी कित्येकींची लोकल सात वाजता दादर किंवा घाटकोपरलाही पोहोचलेली नसते. डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा इथे उतरून, जाता जाता भाजी घेऊन, घरी जाऊन कुकर लावायचा आणि सर्वांची पाने वाढून झाल्यावर स्वतः बसायचे, हा त्यांचा दिवस आहे. सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी डब्यातली गार पोळी-भाजी आणि संध्याकाळी भूक अनावर झाली की स्टेशनबाहेरचा वडापाव, यातून वजनही वाढते आणि रक्तही कमी होते. अशा बाईला ओट्स आणि अवोकाडोची यादी देणे म्हणजे तिला वाऱ्यावर सोडणे आहे. तिला सांगावे की पर्समध्ये फुटाणे आणि शेंगदाण्यांची पुडी ठेव, म्हणजे संध्याकाळच्या गाडीत भूक भागेल, डब्यात मोड आलेल्या मटकीची किंवा चवळीची उसळ न्यायची सवय लाव, लिंबाची फोड बरोबर ठेव, माठ, शेपू, अळू, शेवग्याची पाने यांना स्वस्त म्हणून कमी लेखू नकोस, मासे खात असशील तर बांगडा, जवळा, सुकट यांत प्रथिने भरपूर आहेत, अंडे परवडते. पाने वाढताना डाळ आणि भाजीचा आपला वाटा आधी काढून ठेव, हेही सांगावे, आणि ते तिच्या नवऱ्यासमोर आणि सासूसमोर सांगावे.

रक्तवाढीच्या गोळ्यांबाबतही असेच होते. पालिकेच्या दवाखान्यांत आणि आरोग्य सेविकांमार्फत या गोळ्या फुकट मिळतात. तरी त्या घराघरांत डब्यात पडून असतात. गोळीने मळमळते, शौचाला काळे होते, आणि काळे दिसले की बाई घाबरून ती बंद करते. हे होणार आहे आणि त्यात भिण्यासारखे काही नाही, एवढे आधीच सांगितले तर कित्येकींचा कोर्स पुरा होईल. बऱ्याचजणी गोळी सकाळच्या चहाबरोबर घेतात, आणि चहामुळे लोह अंगी लागत नाही. चहा तासभर दूर ठेवा, गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, हे एक वाक्य तासाभराच्या भाषणापेक्षा उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

याचा अर्थ वजनाचा विषय काढूच नये, असा मुळीच नाही. पीसीओडी (अंडाशयाचा, पाळी अनियमित करणारा विकार) असलेल्या मुलीचे वजन पाच ते दहा टक्क्यांनी उतरले तरी पाळी नियमित होण्यास मदत होते, गुडघ्यांवरचा भार हलका होतो, आणि गरोदरपणात मधुमेह झालेल्या स्त्रीला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका मोठा असल्याने तिने तर वजन जपायलाच हवे. लठ्ठपणावरची नवी इंजेक्शनेही २०२५ पासून आपल्या बाजारात आली आहेत. ती खरी औषधे आहेत आणि योग्य रुग्णाला त्यांचा लाभ होतो. पण त्यांच्याविषयी उत्साहाने बोलणाऱ्यांनी तरुण स्त्रियांना दोन गोष्टी स्पष्टपणे सांगायला हव्यात. ही इंजेक्शने गरोदरपणात चालत नाहीत, आणि त्यांपैकी सेमाग्लुटाइड तर दिवस राहण्याचा विचार करण्यापूर्वी किमान दोन महिने बंद करावे लागते. टिर्झेपेटाइड या दुसऱ्या इंजेक्शनामुळे तोंडावाटे घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो, त्यामुळे दुसरे साधनही वापरावे लागते. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही घटतात, हे तर पुण्याच्या अभ्यासाच्या संदर्भात फारच काळजीचे आहे.

शेवटी त्या पावडरीच्या डब्यांविषयी. डॉक्टरांनी कोणत्याही औषधाची किंवा कंपनीच्या उत्पादनाची जाहीर शिफारस करू नये, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत आणि त्यांतील नंतरच्या दुरुस्तीत लिहिलेले आहे. लठ्ठपणा बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींवर १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय कायद्याने बंदी आहे. बाळांच्या दुधाच्या पावडरीबाबत तर १९९२ च्या कायद्याने कंपन्यांना आरोग्य कर्मचाऱ्यांना आमिष देण्यासच मनाई केली, आणि त्याचा चांगला परिणाम आम्ही प्रसूतिगृहांत डोळ्यांनी पाहिला. कंपन्यांची चित्रे छापलेली कॅलेंडरे आमच्या भिंतींवरून उतरली. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रथिनांच्या पूरक पावडरी टाळण्याचा सल्ला आहे. असे असताना महिला आरोग्य शिबिराच्या मंचामागे पूरक आहाराच्या कंपनीचा फलक कशाला हवा? मोठ्यांच्या पोषणाच्या उत्पादनांनाही बाळांच्या पावडरीसारखाच नियम लावावा, ही मागणी डॉक्टरांच्या संघटनांनीच पुढे होऊन करावी.

आयोजकांना आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाला माझी विनंती आहे की ज्या महिला शिबिरासाठी पालिकेचे सभागृह किंवा मैदान दिले जाते, तिथे हिमोग्लोबिनची तपासणी आणि कमरेच्या घेराची नोंद या दोन गोष्टी सक्तीच्या कराव्यात, कंपन्यांच्या विक्रीच्या टेबलांना मज्जाव करावा, आणि ज्यांचे रक्त कमी निघेल त्यांची यादी त्याच दिवशी जवळच्या दवाखान्याच्या आरोग्य सेविकेकडे द्यावी, म्हणजे महिन्याभराने पुन्हा तपासणी होऊ शकेल. शिबिरे रविवारी सकाळी ठेवावीत. कामाच्या दिवशी दुपारी ठेवली तर रोजंदारीवर जाणाऱ्या बायका येऊ शकत नाहीत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, लालबाग, मुंबई