बाटलीवरची सूचना मराठीत हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दारव्हा तालुक्यातल्या एका लहान गावात माझं किराणा दुकान आहे. तेल, साबण, चहापत्ती, बिस्किटं, आणि हल्ली फ्रिजमध्ये ती वीस रुपयांची ‘ताकदीची’ बाटली, म्हणजे एनर्जी ड्रिंक. नाव लिहीत नाही, तीन-चार कंपन्यांच्या आहेत आणि सगळ्या सारख्याच. आधी ट्रॅक्टरवाले न्यायचे. मग पोलीस भरतीची पोरं पहाटे धावायला जाताना नेऊ लागली. आता शाळा सुटली की चौथी-पाचवीचे पोट्टे दोघांत मिळून वीस रुपये जमवतात आणि काउंटरवर टाचा उंच करून म्हणतात, “काकू, थे ताकदवाली द्या न वो.”

माझी मुलगी यवतमाळला नर्सिंग शिकते. दिवाळीत आली तेव्हा तिनं बाटली फिरवून मागचं बारीक इंग्रजी वाचून दाखवलं: लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, कॅफिन (चहा-कॉफीत असतं ते तरतरी आणणारं द्रव्य) न सोसणारी माणसं, यांच्यासाठी नाही, दिवसाला ५०० मिलीच्या वर नको. पुढच्या बाजूला मात्र वीज कडाडतेय.

हिशेब साधा आहे, दुकानदाराला जमण्यासारखा. आपल्या देशाच्या नियमानं अशा पेयात लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन चालतं. म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत ७५ मिलिग्रॅमपर्यंत. युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१५ मध्ये मुलांसाठी दिवसाला वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत ठीक मानलंय. आमच्याकडचा पाचवीचा पोरगा पंचवीस किलोचा असला तर एकाच बाटलीत त्याचा दिवसाचा कोटा संपला. शिवाय घरी सकाळ-संध्याकाळ चहा-बिस्किट असतंच, ते कोण धरतो? मग रात्री पोरगं झोपत नाही, छाती धडधडते म्हणतं, आणि आजी मीठ-मोहरीनं दृष्ट काढत बसते.

मोठ्या माणसांबद्दल माझी तक्रार नाही. धडधाकट माणसाला दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत सहसा सोसतं, गरोदर बाईनं २०० च्या आत राहावं असं म्हणतात. पत्ती आणि उकळी बघून चहाच्या कपात तीस ते पन्नास येतात. माझ्या सासूबाईंना सकाळचा चहा चुकला की दुपारी डोकं धरून बसावं लागतं, तेही कॅफिन तुटल्यामुळेच. गंमत म्हणजे त्यावर त्या जी गोळी घेतात, तिच्यातही कॅफिन आहे. (लोहाच्या गोळ्या चहासोबत घेऊ नका असं आशाताई सांगते, तो मात्र चहातल्या टॅनिनचा दोष. कॅफिनवर उगाच ढकलू नये.)

काळजी वाटते ती रात्री ओलीत करणाऱ्यांची. हरभऱ्याच्या दिवसांत लाइन रात्री येते. माणूस दिवसभर राबलेला, तो नऊ-दहा वाजता दोन बाटल्या घेऊन वावरात जातो. मुलीनं मला समजावलं ते असं: दिवसभर जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साचतं, ते आपल्या जागेवर जाऊन बसलं की झोप येते. कॅफिन म्हणजे एसटीच्या खिडकीतून टाकलेला रुमाल. जागा धरून ठेवतो, पण उभे प्रवासी काही कमी होत नाहीत. थकवा तिथंच असतो, फक्त कळत नाही. आणि पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं अंगातून जायलाच साधारण पाच तास लागतात. एखाद्यानं दोन वाजता झोप येते म्हणून आणखी एक बाटली फोडली, की पहाटे घरी येऊनही डोळा लागत नाही. त्याच अंगानं तो दिवसा फवारणीचा पंप पाठीवर घेतो. दिवसा वीज मिळाली तर माझ्या दुकानातल्या निम्म्या बाटल्या पडून राहतील, आणि मला त्याचं वाईट वाटणार नाही.

जुलै २०२४ मध्ये तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी विधान परिषदेत सांगितलं होतं, की शाळेपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफिनच्या पेयांची विक्री बंद करू. ते आपल्या विदर्भातलेच. पण आमच्या गावात शाळेपासून ५०० मीटर म्हणजे ग्रामपंचायत, मारुतीचं देऊळ, तिन्ही दुकानं आणि पुढे स्मशानाचा रस्ता! असा काही कागद घेऊन माझ्या दुकानात आजवर कोणी आलेलं नाही. उद्या आला तरी ट्रॅक्टरवाल्यालाही देता येणार नाही, आणि बसस्टॉपच्या पल्याडच्या टपरीवरून पोट्ट्यांना मिळतच राहील. खेड्यात अंतर मोजून काय होणार? वयाची अट घाला. इतक्या वर्षांखालच्याला विकायची नाही, संपलं.

मी शाळेच्या पोरांना देत नाही. पण “तिकडच्या दुकानात देतात” म्हणून ती जातात, आणि संध्याकाळी एखादी आई येऊन मलाच विचारते, “माह्या पोराले काहून नाही देल्ली वो? पैसे तं देत होता.” तिला दाखवायला माझ्याकडे इंग्रजीतल्या त्या चार ओळी. महाराष्ट्रात विकायच्या बाटलीवर ही सूचना मराठीत, पुढच्या बाजूला, नावाएवढ्या अक्षरात छापायला काय हरकत आहे? सध्या मी पुठ्ठ्यावर मार्करनं लिहून फ्रिजला चिकटवली आहे. एजन्सीचा पोरगा माल उतरवताना म्हणाला, “काढा ते, गिऱ्हाईक तुटते.” काढलेली नाही.

आपली,
एक किराणा दुकानदार,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ