ज्यानं जुळवलं, त्यानं वाचू नये

सातारा,
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू तीनदा ‘ठीक आहे रे’ म्हणालास. पहिल्यांदा मी विश्वास ठेवला, दुसऱ्यांदा शंका आली, तिसऱ्यांदा खात्री पटली की काहीही ठीक नाही. काल वहिनींचा फोन आला. ‘यांना सांगू नका’ असं त्यांनी बजावलंय, पण आपल्यात लपवाछपवी कशाला? त्यांच्यावर चिडू नकोस. नोकरी जाऊन चार महिने झाले आणि महिनाभर तू पहाटे तीनला उठून हॉलमध्ये अंधारात बसतोस, हे त्यांनी कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

फोनवर आपण दोन मिनिटांत क्रिकेटवर घसरतो, म्हणून पत्र.

तुला कधी न सांगितलेली गोष्ट आधी सांगतो. तीन वर्षांपूर्वी अण्णा गेले, त्यानंतर बरेच महिने मी कुणाचे फोन घेत नव्हतो. तुला म्हणालो, लग्नसराई आहे, पत्रिकांचं काम आहे. काम होतं, मी करत नव्हतो. त्यातच एका पत्रिकेत १२.३५चा मुहूर्त ११.३५ छापला. पाचशे प्रती. मुलीचे वडील दुकानात येऊन चार लोकांसमोर बोलले. त्यांचं काही चुकलं नाही. रात्रभर बसून नव्या छापून दिल्या, पैसे घेतले नाहीत, विषय मिटला. माझ्या डोक्यात मात्र मिटला नाही. ‘अण्णांनी चाळीस वर्षं चालवलेला छापखाना मी बुडवणार’ इथून सुरुवात झाली आणि महिन्याभरात ‘मी असलो काय नि नसलो काय’ इथपर्यंत गाडी गेली. एका आकड्यावरून! आज लिहितानाही कसंसं होतं. तेव्हा ते अगदी छापील सत्य वाटायचं.

सकाळी तर विचारू नकोस. गीझर लावायचा, बादली भरायची आणि परत येऊन पलंगाच्या कडेवर बसायचं. पाणी निवायचं. पुन्हा गरम करायचं. एका दिवशी तीन वेळा असं झालं. मग हिनं काही न बोलता बाथरूममध्ये स्टूल नेऊन ठेवलं आणि म्हणाली, ‘बसून दोन तांबे घ्या फक्त.’ घेतले. त्या दिवसाची माझी एकूण कमाई तेवढी. पण दोन तांबे घेतले म्हणून कपडे बदलले, कपडे बदलले म्हणून खाली दूध आणायला गेलो. उत्साह आला की उठू, असं म्हणत मी आठवडेच्या आठवडे लोळलो होतो. तो आधी येतच नाही रे. आलाच तर दूध घेऊन परत येताना, जिन्यात कुठेतरी.

लोक सांगायचे, मन घट्ट कर. एक नातेवाईक म्हणाले, ‘तुला कमी काय आहे?’ काही कमी नाही हे मला माहीत होतं, म्हणून तर जास्त लाज वाटायची.

शेवटी भाच्यानं गाडीत घालून सायकियाट्रिस्टकडे नेलं. गल्लीतलं कुणी बघायला नको म्हणून साताऱ्यात नाही, कराडला. एवढी अक्कल शाबूत होती! मला वाटलं होतं बालपणाबद्दल विचारतील. डॉक्टरांनी विचारलं, उदासी दोन आठवड्यांच्या वर टिकली आहे का, आवडीच्या गोष्टींत रस उरलाय का, झोप, भूक, सकाळी जास्त जड वाटतं की संध्याकाळी. मग थायरॉईड आणि बी-१२ तपासायला लावलं, कारण थायरॉईड मंदावलं तरी माणूस असाच मरगळतो. माझं रक्त ठीक निघालं, मन नव्हतं. गोळी सुरू झाली. परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतील, सुरुवातीला मळमळेल, आणि आपल्या मनानं बंद करायची नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. तिसऱ्या महिन्यात बरं वाटायला लागल्यावर मी अर्थातच आपल्या मनानं बंद केली. डोकं गरगरायला लागलं, झटके बसल्यासारखं व्हायचं. मान खाली घालून परत गेलो. पुढे त्यांनीच हळूहळू कमी करत थांबवली.

गोळीइतकाच उपयोग झाला तो त्यांनी सुचवलेल्या समुपदेशक बाईंचा. त्यांनी वही दिली आणि डोक्यात फिरणारी वाक्यं जशीच्या तशी उतरवून आणायला सांगितली. ‘चूक व्हायलाच नको होती.’ ‘लोकांनी मला मान द्यायलाच हवा.’ ‘मला हे जमणारच नाही.’ मग लाल पेन हातात देऊन म्हणाल्या, आता यातले सगळे ‘च’ गोल करा. पान लाल झालं, बंड्या. अल्बर्ट एलिस नावाच्या अमेरिकी मानसतज्ज्ञानं १९५५च्या सुमारास ही विचारपद्धती मांडली. ‘बरं होईल’ याचं आपण ‘झालंच पाहिजे’ करतो आणि तिथे फसतो, असा साधारण त्याचा मुद्दा. इंग्रजीत त्याला त्यासाठी ‘मस्ट’ हा अख्खा शब्द लागला, आपल्याकडे एका अक्षरात काम होतं. ‘च’ उडवला की दुःख जात नाही, पण मानेवरचा हात निघतो. (वर वहिनींबद्दल लिहिताना मीही एक टाकलाय. तो राहू दे.)

वही बघताना मला अण्णा आठवले. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे दिवस होते तेव्हा छापखान्यात त्यांचा नियम होता, ज्यानं जुळवलं त्यानं प्रूफ वाचायचं नाही. जुळवणाऱ्याला कागदावर काय आहे ते दिसत नाही, त्याच्या डोक्यात जे असतं तेच दिसतं. ती मुहूर्ताची पत्रिका मीच केली होती आणि मीच तपासली होती. तीनदा. पुढे ते सगळे महिने डोकंही मी तसंच चालवलं. वाक्यं माझी, तपासणारा मी, आणि वेळ पहाटे तीनची.

तुझं आत्ता तेच चाललंय. ‘शेहेचाळिसाव्या वर्षी मला कुणी विचारणारच नाही’ हे तू जुळवलेलं वाक्य आहे. अजून कुणी वाचलेलं नाही. ‘फ्लॅट विकून गावाला जातो’ म्हणालास. बरोबरही असेल कदाचित, पण सध्या विकू नकोस. दिवसाउजेडी, वहिनी शेजारी असताना, कागदावर आकडे मांडून ठरवू.

आणि झोपेसाठी ते दोन पेग घेतोस ना? दारूनं डोळा लवकर लागतो, पण पुढची अर्धी रात्र ती मोडते. तीन वाजता उठवणाऱ्यांत तीही आहे. तुला नीतिपाठ देणारा मी कोण, गोव्याला काय झालं ते दोघांनाही आठवतंय. पण आठवडाभर बंद ठेवून बघ. आठवडा जमला नाही किंवा हात थरथरले, तर तेही डॉक्टरांना सांग.

आता एक सरळ विचारतो, सरळ उत्तर दे. मरणाचे विचार येतात का? मला आले होते. हे मी हिलाही खूप उशिरा सांगितलं. विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलल्यावर त्यांची धार जाते. येत असतील तर मी शनिवारी येईपर्यंत वाट बघू नकोस, रात्री कितीही वाजता मला फोन कर. मी उचलला नाही तर १४४१६ लाव. सरकारची टेली-मानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२पासून सुरू, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. वहिनींनाही उठव. त्या तशाही जाग्याच असतात.

पैशांचं म्हणशील, तर कंपनीचा विमा गेला असला तरी तुझी स्वतःची पॉलिसी आहे ना, ती काढून ठेव. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांना मनाच्या आजारालाही शरीराच्या आजारासारखंच धरायला सांगितलंय. कलमं-बिलमं आपण एकत्र वाचू.

मी अजूनही पूर्ण खडखडीत बरा झालेलो नाही. पावसाळ्यात दोन-चार दिवस जातात वाईट. मग कितीही कंटाळा आला तरी टेकडीवरच्या ‘चार भिंती’ स्मारकापर्यंत चढून जातो, खाली धुक्यात बुडालेलं सातारा बघतो आणि परत येतो. वर काही साक्षात्कार होत नाही. पोटऱ्या दुखतात आणि भूक लागते.

शनिवारी सकाळच्या विनाथांबा गाडीनं निघतोय, दहापर्यंत स्वारगेटला. रिक्षा करून येणार नाही. तू घ्यायला यायचं आहेस, अंघोळ करून. दोन तांबे चालतील.

तुझा,
डब्या