आधी अख्खं गाणं, मग गोष्ट

लेस्टर, इंग्लंड

ती. अक्का आणि दाजी यांस सा. न. वि. वि. चि. मनूस अनेक आशीर्वाद.

अक्का, मनू आणि तिच्या कॉलेजातली चार लेकरं मिळून देवीच्या आराधी गाण्याचा व्हिडिओ करणार आहेत, असं तू फोनवर म्हणालीस. माळवदावर पसारा होईल, दोन-चार सकाळी घरात गडबड होईल, पण अडवू नकोस. या कामात पैसा कमी लागतो आणि कागदावरची तयारी जास्त, एवढं दाजींना सांग. बाकीचं पत्र मनूसाठी आहे.

मनू, इथल्या काही कॉलेजांत मीडिया स्टडीज घेणाऱ्या मुलांना खऱ्या व्हिडिओच्या आधी सरावाचा एक करायला लावतात. त्यात मोठी कल्पना लढवायची नसते. ओठ गाण्याशी जुळले का, कट ठेक्यात बसले का, एका शॉटवरून दुसऱ्यावर जाताना डोळ्याला खटकलं का, एवढंच तपासायचं असतं. तुम्हीही तेच धोरण ठेवा. पूर्ण गाण्याच्या मागे लागू नका. मुखडा आणि एक अंतरा मिळून दीड मिनिट पुरे. दीड मिनिट नीट जमलं तर पाच मिनिटांचं जमवणं म्हणजे फक्त जास्तीची मेहनत.

गाणं निवडताना हक्काचा विचार आधी करा. परंपरेनं चालत आलेले शब्द आणि चाल कुणाच्या मालकीची नसते, पण कॅसेट किंवा यूट्यूबवरचं ध्वनिमुद्रण कंपनीचं असतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानं ते प्रकाशनानंतर ६० वर्षं सुरक्षित असतं. म्हणून तुमच्या मैत्रिणीच्या आवाजात स्वतःच रेकॉर्ड करा. खोलीत गोधड्या टांगा, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर किंचित बाजूला धरा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चा वारा माइकवर आदळणार नाही. गाणारीच्या कानात लय धरणाऱ्या मेट्रोनोमची टिकटिक हवी. ती मिनिटाला १०० मात्रांवर लावा. हा आकडा मुद्दाम सांगतोय. १०० च्या लयीत एक मात्रा ०.६ सेकंदाची होते, आणि सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ चित्रं, असलेल्या व्हिडिओत ती बरोबर १५ फ्रेम भरते. चार मात्रा म्हणजे ६० फ्रेम, आठ मात्रांचं आवर्तन म्हणजे १२०. एडिटिंगला बसल्यावर या पूर्ण आकड्यांचा फार आधार वाटतो. १२० ची लय घेतली तर मात्रा साडेबारा फ्रेमची होते आणि दर दुसरा कट अर्धा फ्रेम इकडं-तिकडं सरकवावा लागतो.

आता कागद. वहीच्या पानावर तीन रकाने पाडा: वेळ, शब्द, चित्र. गाणं थांबवत थांबवत ऐका आणि प्रत्येक ओळ कुठल्या सेकंदाला सुरू होते ते लिहा. तिसऱ्या रकान्यात त्या ओळीला काय दिसणार ते लिहा, पण ‘भावपूर्ण दृश्य’ असलं काही नको. ‘ढेलजेच्या दारातून गाणारी आत येते, कमरेपासून वर, कॅमेरा स्थिर’ असं हवं. जे लिहिताना डोळ्यापुढं येत नाही ते जागेवर गेल्यावरही येत नाही. सरासरी चार मात्रांना एक कट धरला तर दीड मिनिटात ३७-३८ शॉट लागतात. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो, पण निम्मे शॉट एकाच गायनातून निघतात.

त्यासाठी माझं एक म्हणणं पक्कं आहे: गोष्टीचा एकही शॉट घेण्याआधी गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न थांबता, गाऊन घ्या. एकदा लांबून पूर्ण माणूस, एकदा कमरेपासून वर, एकदा नुसता चेहरा. प्रत्येकाचे तीन टेक. नऊ टेक तासाभरात होतात. हे हातात असलं की बाकी काहीही बिघडलं, पाऊस आला, कुणी आलंच नाही, तरी व्हिडिओ उभा राहतो. मुलं हमखास उलटं करतात. आधी विहिरीवरचे, रानातले, सायकलवरचे शॉट घेत दिवस घालवतात आणि ऊन उतरल्यावर घाईघाईत गायन उरकतात. मग एडिटिंगच्या टेबलावर नेमक्या अंतऱ्याच्या जागी काहीच नसतं.

गाणारीनं नुसते ओठ हलवायचे नाहीत, खरंच मोठ्यानं गायचं. गळ्याच्या शिरा, छातीतला श्वास, ओळ संपतानाची मान, हे सगळं कॅमेऱ्याला दिसतं आणि खोटं लगेच उघडं पडतं.

शूटिंगला वाजवायची फाइल आणि एडिटिंगला घ्यायची फाइल एकच हवी. फाइलच्या सुरुवातीला त्याच लयीत चार ठोके घाला, म्हणजे गाणारीला उठाव कळतो आणि तुम्हाला ओठ जुळवायला खूण मिळते. वाजवायची जबाबदारी एकाच पोराकडे द्या. त्याला दुसरं काम नको. स्पीकर एकच ठेवा आणि तो गाणारीच्या जवळ, फ्रेमच्या जरा बाहेर. आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो, म्हणजे एका फ्रेमच्या वेळात, ४० मिलिसेकंदांत, १४ मीटर. स्पीकर कॅमेऱ्याजवळ आणि गाणारी २८ मीटर लांब माळवदाच्या टोकाला असेल, तर तिला गाणं दोन फ्रेम उशिरा ऐकू येतं आणि ओठ तेवढेच मागे पडतात. स्पीकर तिच्याजवळ ठेवल्यावर ती बरोबर गाते, पण कॅमेऱ्याच्या माइकला आवाज दोन फ्रेम उशिरा पोचतो, म्हणून लांबच्या शॉटला एडिटिंगमध्ये तेवढं सरकवून घ्यायचं. ब्लूटूथ स्पीकर बटण दाबल्यावर थोडा उशिरा वाजतो, त्यानं बिघडत नाही. गाणारी स्पीकर ऐकते आणि कॅमेराही तोच आवाज टिपतो. म्हणून कॅमेऱ्याचा आवाज कधी बंद ठेवू नका.

फोनबद्दल. फोनचा नेहमीचा कॅमेरा फ्रेमचा वेग प्रकाशानुसार कमी-जास्त करत असतो. सुरुवातीला जुळलेले ओठ शेवटाकडे जाईपर्यंत सुटतात, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे अॅप फुकट आहे, ते तुमच्या फोनवर चाललं तर त्यात २५ फ्रेम, शटर (एका फ्रेमला उजेड आत घ्यायचा वेळ) १/५० सेकंद आणि व्हाइट बॅलन्स (रंगाची ऊब ठरवणारा आकडा) उन्हात ५६०० वर बांधून ठेवा. नाहीतर शूटिंगनंतर प्रत्येक क्लिप हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटला बदलून घ्या. वीज इथंही आणि तिकडंही ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे १/५० किंवा १/१०० शटरला ट्यूबलाइटच्या पट्ट्या फिरताना दिसत नाहीत. एचडीआर (उजेड-सावली आपोआप सारखी करणारी सोय) आणि चेहरा गोरा-गुळगुळीत करणारं सगळं बंद करा. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, नाहीतर ऐन अंतऱ्यात कुणाचा तरी फोन येऊन रेकॉर्डिंग तुटतं. सेकंदाला २० मेगाबिट धरले तर एक मिनिट साधारण १५० एमबी खातं, म्हणजे दीड मिनिटाचे नऊ टेक दोन जीबीत बसतात. त्याच रात्री दोन ठिकाणी कॉपी करा आणि कॉपी उघडून बघितल्याशिवाय फोन रिकामा करू नका.

मराठवाड्याचं ऊन हा या कामातला सगळ्यात अवघड गडी. दुपारी ते डोक्यावरून पडतं आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. शिवाय बहुतेक फोनच्या लेन्सचं तोंड लहान-मोठं करता येत नाही. भर उन्हात आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील तो आकडा) ५० ठेवला तरी शटर १/४००० च्या आसपास जातं, आणि मग नाचतानाचे हात तुटक दिसतात. १/५० वर टिकायचं तर एनडी ६४ फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच, लागतो. सावलीत एनडी ८ चालतो. फिल्टर नसेल तर सूर्योदयानंतरचे दोन तास आणि मावळतीआधीचा दीड तास, एवढ्यातच काम करा. दुपारी ओसरीत सावलीला या, गाणारीचं तोंड अंगणाकडे करा आणि पांढऱ्या थर्माकोलच्या शीटनं अंगणातला उजेड चेहऱ्यावर उलटवा. उन्हाळ्यात फोन तापला की आधी स्क्रीन मंद होते, मग रेकॉर्डिंग बंद पडतं. कव्हर काढा, शूटिंग चालू असताना चार्जिंगला लावू नका, दोन टेकच्या मधे फोन सावलीत ठेवा. फ्रिजमध्ये मात्र कधीच ठेवू नका, लेन्सच्या आत वाफ धरते.

मुकुंदराजांच्या समाधीकडच्या दरीत एखादा शॉट घ्यायचा असेल तर आदल्या दिवशी त्याच वेळेला जाऊन ऊन कुठं पडतं ते बघून या. दौलताबादचा किल्ला किंवा वेरूळ डोक्यात असेल तर ते सरावासाठी नको. ती स्मारकं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत आणि तिथं असं शूटिंग करायला आधी परवानगी काढावी लागते. आपला वाडा, माळवद, अंगण, मागचं रान एवढ्यात ३८ शॉट आरामात होतात.

रात्रीचा पोतीचा, म्हणजे देवीच्या पेटत्या पलित्याचा, शॉट तुम्हाला हवा असणारच. तो सुंदर होतो, पण त्याला वेळ द्या. कॅमेरा आपोआप उजेड मोजत असेल तर ज्योत बघून सगळं चित्र काळं करतो आणि ज्योत हलली की चेहरा लुकलुकतो. म्हणून एक्सपोजर (चित्राचा उजळपणा) चेहऱ्यावर बांधा, ज्योतीचा मधला भाग पांढरा गेला तरी चालेल. व्हाइट बॅलन्स ३२०० ठेवा, म्हणजे आगीची तांबूस ऊब राहते. पूर्ण आपोआप ठेवलं तर ती पुसली जाते. नुसत्या ज्योतीवर फोनचं चित्र रवाळ येतं, म्हणून फ्रेमबाहेर, ज्योतीच्याच बाजूला, एक पिवळा बल्ब पांढऱ्या कापडाआड लावा. पोत धरणारीच्या अंगावर सुती लुगडं हवं, नायलॉनची ओढणी अजिबात नको. पदर खोचलेला, केस बांधलेले. शेजारी वाळूची बादली आणि ओलं गोणपाट, आणि ते धरून उभा राहणारा एक मोठा माणूस. दाजी, हे काम तुमच्याकडे. आणि मनू, परडी, कवड्यांची माळ, पोत या सजावटीच्या वस्तू नाहीत. ज्या आराधी बायांच्या घरी त्या आहेत त्यांना आधी जाऊन विचारा, काय दाखवायचं आणि काय नाही ते त्यांनाच ठरवू द्या, आणि झालेला व्हिडिओ लोकांना दाखवण्याआधी त्यांना दाखवा.

संथ चित्रात ओठ मात्र जुळलेले, हे तुम्ही व्हिडिओंत बघितलं असेल. त्याचा हिशोब सोपा आहे. गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं, गाणारीनं त्या वेगानं गायचं, ५० फ्रेमनं शूट करायचं आणि २५ वर चालवायचं. शटर तेव्हा १/१००. अडचण एवढीच की १०० ची लय २०० होते आणि जोडाक्षरं तोंडात अडकतात. म्हणून दुसरी रीत सांगतो. गाणं १.२ पट वेगानं वाजवा, ३० फ्रेमनं शूट करा आणि २५ वर चालवा. चाल किंचित तरंगल्यासारखी दिसते आणि गाताना त्रास होत नाही. ऑडॅसिटी या आवाजाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ‘चेंज टेम्पो’ला २० टाकलं की १.२ पटीची फाइल होते, १०० टाकलं की दुपटीची. आवाजाची पट्टी बदलत नाही.

एडिटिंगला डाविंची रेझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती पुष्कळ झाली. प्रोजेक्ट उघडल्याबरोबर २५ फ्रेम ठरवा. क्लिप आत आल्यावर तो आकडा बदलता येत नाही. कॉम्प्युटर अडखळत असेल तर प्रॉक्सी, म्हणजे क्लिपच्या हलक्या प्रती, बनवा. सगळ्यात खाली गाणं ठेवा आणि ते ऐकत प्रत्येक समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) ‘एम’ दाबून खूण करा. मग एकेक टेक वर रचा आणि चार ठोक्यांच्या लाटा गाण्याच्या लाटांशी जुळवा. जुळलं का ते बघायला प, ब, म या अक्षरांवर थांबा. त्या क्षणी ओठ मिटलेले दिसलेच पाहिजेत. सगळे टेक जुळल्यावरच कॅमेऱ्याचे आवाज बंद करा.

पहिला कट फक्त गायनाचा करा. तो बघण्याजोगा झाला की मग गोष्टीचे शॉट वरच्या ओळीत टाका. दर समेवर कट मारू नका, चार-पाच समांनंतर बघणाऱ्याला पुढचा कट आधीच कळतो आणि कंटाळा येतो. कधी संबळाच्या उठावावर, कधी मान वळताना, कधी ओळीच्या मधल्या श्वासावर कापा. ठोक्यावर कापायचं असेल तर एक-दोन फ्रेम आधी कापा, डोळ्याला नवं चित्र ओळखायला तेवढा वेळ लागतो आणि कट ठोक्यावरच पडल्यासारखा वाटतो. एकाच माणसाचे दोन शॉट लागोपाठ आले तर आकार तरी बदललेला हवा, नाहीतर कॅमेऱ्याची बाजू निदान ३० अंशांनी. नाहीतर चित्र उडी मारतं. रंगाचं काम शेवटी: आधी सगळे शॉट एकसारखे उजळ करा, मग चेहऱ्याची कातडी माणसासारखी दिसते का बघा.

फाइल काढताना १०८० पी, २५ फ्रेम, एच.२६४, १६ ते २० मेगाबिट. मला व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नकोस, तो दाबून बारीक होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठव. त्याआधी एकदा आवाज बंद करून बघा आणि एकदा अक्काला काही न सांगता दाखवा. तिची नजर कुठल्या ओळीला स्क्रीनवरून हलते ते टिपून ठेव. तिथला शॉट लांब झालेला असतो.

तीन रकान्यांचं पान तयार झालं की त्याचा फोटो पाठव. शूटिंगची तारीख त्यानंतरच ठरवा. अक्का, थर्माकोलची शीट गणपतीच्या मखराची माळ्यावर पडली असेल तर ती काढून दे, पिवळा बल्ब आणि लांब वायर दाजींकडून. आईला माझा नमस्कार सांग.

तुझा मामा