कॉईल घेण्याआधी एवढं तपास

सातपूर, नाशिक

प्रिय राजास,
अनेक आशीर्वाद.

मंडळाच्या पुरात मदतीला काढायच्या बोटीचं इंजिन करंट देत नाही, म्हणजे प्लगला ठिणगीच येत नाही, प्लग नवे टाकले तरी दोन्ही सिलिंडर ढिम्म, आणि आता दोन कॉईलसाठी वर्गणी काढायची म्हणतोस. जरा थांब. फोनवर सांगितलं की निम्मं राहून जातं, म्हणून लिहून पाठवतेय. इतकी वर्षं वाईंडिंग खात्यात मी कॉईलच हाताळल्यात. जुन्या कॉईलच्या अंगाला भेगा जातात, ओल आत शिरते आणि कॉईल जाते, हे खरं. पण दोन कॉईल एकाच दिवशी जाणं क्वचितच घडतं. एका सिलिंडरचा करंट गेला तर त्याच बाजूची कॉईल, पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क), प्लगची टोपी बघायची. दोन्हींचा एकदम गेला तर दोघांत सामाईक काय आहे, तिथून सुरुवात करायची.

पहिली सामाईक गोष्ट म्हणजे स्टॉपची वायर. बटण दाबलं की करंट अर्थला, म्हणजे इंजिनाच्या बॉडीला, जातो आणि इंजिन बंद पडतं. ती वायर कुठे घासून लोखंडाला लागली असेल, उंदरानं कुरतडली असेल किंवा बटण आतून गंजलं असेल, तर बटण कायम दाबून धरल्यासारखंच झालं. मग दोरी ओढून हात दुखतील, पण ठिणगी पडणार नाही. ती वायर इंजिनाच्या बाजूनं सोडव, टोकाला टेप लाव आणि मग तपास. ठिणगी आली तर खर्च फक्त वायरचा किंवा बटणाचा. मात्र वायर सुटी असताना इंजिन चालू झालं तर बटणानं बंद होणार नाही. चोक ओढून बंद करावं लागेल. म्हणून ही तपासणी दोन्ही प्लग बाहेर काढूनच कर. प्लग नसले की दोरीही हलकी जाते आणि फ्लायव्हील, म्हणजे वरचं जड चाक, जोरात फिरतं. मॅग्नेटोला, म्हणजे त्या चाकातल्या मॅग्नेटवर करंट बनवणाऱ्या यंत्रणेला, तो वेग लागतोच, हळू ओढलंस तर चांगलं इंजिनही करंट देणार नाही.

प्लग नुसता बॉडीला टेकवून ठिणगी दिसली म्हणून समाधान मानू नकोस. उघड्या हवेत प्लगची जेमतेम मिलिमीटरभर फट कुणीही ओलांडतं. सिलिंडरात दाबलेल्या हवेत तेवढ्याच फटीला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. फट कमीजास्त करता येणारा टेस्टर मिळतो, तो आण. पॉइंटवाल्या मॅग्नेटोनं 6 मिलिमीटरची फट निळ्या, कडक आवाजाच्या ठिणगीनं ओलांडली पाहिजे. पिवळी, बारीक ठिणगी चांगली धरू नकोस. टेस्टरचा चिमटा आधी बॉडीला घट्ट लाव, दुसरी प्लग वायरही अर्थ करून ठेव. प्लगच्या भोकांतून पेट्रोलची वाफ येते, तेव्हा टेस्टर तिथून लांब धर, आणि शेडमधले पेट्रोलचे कॅन आधी बाहेर काढ. यात मला अजिबात हयगय नको आहे.

तरीही करंट नाही, तर फ्लायव्हील काढावं लागेल. हबच्या आट्यांत बसणारा पुलरच वापर. कडेला जबड्याचा पुलर लावलास किंवा शाफ्टवर हातोडा घातलास तर आतले मॅग्नेट सुटतील. खाली बघ, कॉईल-पॉइंट बसवलेल्या प्लेटच्या अर्थच्या स्क्रूवर हिरवट-पांढरा थर असेल. हे इंजिन कोकणात खाऱ्या पाण्यावर चाललेलं, गोदावरीवर फार उशिरा आलं. तो स्क्रू काढून दोन्ही बाजू चकचकीत होईपर्यंत घास.

मग तेच पॉइंट, म्हणजे सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर). माझा खरा संशय यांच्यावरच. दोन्ही पॉइंट सारखेच महिने पडून होते, तेव्हा दोन्हींवर एकदमच थर चढला असणार. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, राखाडी झाक तेवढी जाणवते. बारीक पॉलिश पेपरनं हलकेच घास. मग कोऱ्या जाड कागदाची पट्टी स्पिरिटमध्ये ओली करून बंद पॉइंटमधून ओढ. कागदावर काळी रेघ उमटेल. दुसरी पट्टी ओढ, तिसरी ओढ, रेघ उमटायची थांबेपर्यंत. बोट लावू नकोस, बोटाचं तेल पुरेसं असतं बिघडवायला. फट मॅन्युअलप्रमाणे ठेव. बऱ्याच जुन्या दोन सिलिंडरच्या इंजिनांत ती 0.020 इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर असते. फ्लायव्हील परत बसवताना शाफ्टचा निमुळता उतार कोरडा पूस, तिथे तेल नको. आणि काहीही झालं तरी मॅग्नेटोच्या कॉईलला बॅटरी जोडून बघू नकोस.

घाई मला कळते. 2019 च्या ऑगस्टमध्ये गंगापूर धरणातून पाणी सुटलं तेव्हा सराफ बाजारातल्या दुकानांत पाणी शिरलेलं तूही पाहिलंयस. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी किती लागलं हे विचारत सगळं नाशिक पावसाळा काढतं. पण एकाच जुन्या इंजिनावर भिस्त ठेवून होळकर पुलाखालच्या धारेत तुम्ही पोरं उतरणार असाल, तर त्याला माझी परवानगी नाही. गल्लीबोळांतल्या संथ पाण्यात काय मदत करायची ती करा. तीही अंगात लाइफ जॅकेट आणि बोटीत वल्ही असतील तरच.

एवढं करूनही ठिणगी नाही आली, तर दोन्ही कॉईल आणि कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारे) काढून, कोणती वरच्या सिलिंडरची ते चिठ्ठी चिकटवून इकडे घेऊन ये. माझ्याकडचा मीटर कंडेन्सरची कपॅसिटीही दाखवतो. मोजून बघू आणि मगच वर्गणी काढा.

तुझी,
आई