कुंभार्ली घाटात माझ्या मागे राहिलेल्या ट्रकवाल्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक नाही आणि गाडीचा नंबरही माझ्याकडे नाही. घाट उतरेपर्यंत तुम्ही माझ्या मागे होतात, आणि रात्री मागच्या गाडीचे नुसते दिवे दिसतात, नंबर दिसत नाही. म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितोय. कराड, उंब्रज, पाटण, चिपळूण, लोटे ह्या पट्ट्यात गाडी चालवणारा कुणीतरी हे वाचेल, तुम्हाला दाखवेल, एवढीच आशा आहे.

तुम्हाला आठवावं म्हणून सांगतो. श्रावणातली संध्याकाळ, कोयनानगर सोडल्यापासून धुकं, वर पाऊस. पुढे एक मोटरसायकल, तिच्यावर निळा रेनकोट घातलेली, एका बाजूला पाय सोडून बसलेली म्हातारी बाई. ती माझी आई. पाटणला मावशीचं बारावं होतं, ते आटोपून आम्ही चिपळूणला घरी निघालो होतो. शेवटची एसटी गेली होती आणि आईला परक्या घरी मुक्काम नको होता.

तुम्ही मागे येण्याआधी आमच्या मागे एक मोठी पांढरी गाडी होती. तिच्याविषयी लिहिल्याशिवाय तुम्ही काय केलंत ते लोकांना कळणार नाही. हेळवाकपासून ती आमच्या मागच्या चाकाला चिकटली. अप्पर, म्हणजे दिव्याचा लांबचा झोत, लावलेला, हॉर्नवरचा हात निघत नव्हता. मी ताशी 30 ने उतरत होतो. त्या वेगात गाडी एका सेकंदात आठ मीटर पुढे जाते, आणि आमच्यात अंतर होतं एका खाटेएवढं. माझा पाय घसरला असता, समोर गुरं आली असती, दरड पडलेली असती, तर त्या माणसाचा पाय ब्रेकवर पोचायच्या आत गाडी आमच्या अंगावर होती. साईड द्यायला जागा नव्हती. एकीकडे डोंगर आणि त्याच्या पायथ्याचं पाण्याने भरलेलं गटार, दुसरीकडे दरी. समोरून चिऱ्याचे ट्रक वर येत होते. त्याला तरी पुढे कुठे जायचं होतं?

त्याच्या अप्परमुळे माझीच सावली माझ्या पुढ्यात धुक्यावर पडत होती. खड्डा दिसेना, कडेचा पांढरा पट्टा दिसेना. दोन्ही आरसे नुसते पांढरेफटक. आईचा हात माझ्या कमरेला होता, त्याची पकड घट्ट होत गेली. ती बोलत काहीच नव्हती. एका बाजूला पाय सोडून बसलेल्या माणसाला जोराचा एक ब्रेकसुद्धा पुरतो, हे दुचाकी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून मी दुसऱ्या गियरमध्ये, इंजिनाच्या जोरावरच उतरत होतो. पण इंजिनाने गाडी आवरली की मागचा लाल दिवा पेटत नाही, मागच्याला वाटतं हा चाललाय. मग मी सारखं ब्रेकच्या लिव्हरला नुसतं बोट लावत होतो, दिवा तरी पेटावा, त्याला तरी कळावं. त्याला कळत होतं. तो अंतर काही सोडत नव्हता. शेवटी एका वळणावर समोरून गाडी येतेय की नाही हे न बघता त्याने आम्हाला कट मारला, चिखलाचं पाणी आईच्या अंगावर उडवलं आणि धुक्यात गेला.

त्यानंतर आरशात तुमचे दिवे आले. खरं सांगतो, उंचावरचे ते दिवे बघून माझ्या पोटात गोळाच आला. गाडीने एवढं केलं, आता ट्रक काय करतो, असं वाटलं.

तुम्ही लाईट डिपरवर टाकलीत, झोत खाली घेतलात.

दादा, तुम्हाला ही फार छोटी गोष्ट वाटेल. पण तुमचा हात त्या बटणाकडे गेला आणि माझ्यासमोरचा रस्ता परत दिसायला लागला. कडेचा पट्टा दिसला, गटार दिसलं, पुढच्या वळणाचा कठडा दिसला. आणि तुम्ही मागे राहिलात. लांब. मी हळू झालो की तुम्ही हळू, मी वळण घेऊन सरळ लागेपर्यंत तुम्ही वळणाच्या तोंडाशी थांबून. ज्या गियरने घाट चढायचा त्याच गियरने उतरायचा, हा तुमच्या लोकांचा जुना नियम. तुमच्या इंजिनाची ती घरघर मला पुढे ऐकू येत होती आणि तीच ऐकून मला धीर येत होता. हॉर्न तुम्ही एकदाही वाजवला नाहीत.

मग आईच्या पायात गोळा आला. बराच वेळ लटकून असलेला पाय, त्यात गारठा. ती कळवळली, "थांबव रे". दोन वळणांच्या मधल्या सरळ पट्ट्यात मी डावा इंडिकेटर देऊन कडेला घेतली. कडेला म्हणजे काय, रस्त्यावरच. मी आईला धरून उतरवलं, ती कठड्याला टेकून पाय आपटत उभी राहिली. तुम्ही मागे थांबलात, चारही इंडिकेटर चालू केलेत. तुमच्या मागे तोवर गाड्या साचल्या होत्या, त्यांचे हॉर्न सुरू झाले. एक गाडी तुमच्या उजवीकडून बाहेर काढायला बघत होती.

तेव्हा तुमच्या खिडकीतून हात बाहेर आला. कोपरापर्यंत दुमडलेली बाही, मनगटात काळा दोरा, मागच्या गाड्यांच्या उजेडात पावसाने चकाकणारा. तळवा खाली करून तुम्ही तो सावकाश वर-खाली करत राहिलात. सावकाश, सावकाश. लायसन्सच्या परीक्षेसाठी आपण सगळेच ती हाताची खूण पाठ करतो आणि परीक्षा संपली की विसरतो. तुम्ही ती एका अनोळखी म्हातारीच्या पायातला गोळा जाईपर्यंत भर पावसात धरून ठेवलीत. बाहेर आलेली गाडी परत मागे गेली. हॉर्न बंद झाले. मी आईला गाडीवर बसवलं, रेनकोटचं टोक साडीगार्डच्या आत खोचलं, आणि मगच तुम्ही हात आत घेतलात.

आई अजून त्या हाताबद्दलच बोलते. पांढऱ्या गाडीचा विषय तिने परत काढला नाही.

मी मात्र काढतो, कारण मला राग आहे आणि तो जात नाही. मागे एकदा असाच एक गाडीवाला चिकटला होता, दिवसा, सपाटीवर. तक्रार घेऊन गेलो तर पहिला प्रश्न, "नंबर घेतलात का?" मागून अंगावर येणाऱ्या गाडीचा नंबर पुढच्याने घ्यायचा कसा, हे त्या साहेबांनी सांगितलं नाही. ओळखीचे लोक तर म्हणतात, "घाटात दुचाकी घालायचीच कशाला?" ज्याच्या दारात चारचाकी नाही त्याने मयताला, बारशाला, दवाखान्याला जायचं कसं, ह्याचं उत्तर त्यांच्याकडे नाही. पुढच्या गाडीने अचानक ब्रेक मारला तरी धडक होणार नाही इतकं अंतर ठेवा, असं वाहन चालवण्याच्या 2017 च्या विनियमांत लिहिलेलं आहे. 2022 साली देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, त्यातली शंभरातली 44 दुचाकीवरची होती, आणि अपघातांच्या प्रकारांत सगळ्यात मोठा वाटा मागून बसलेल्या धडकेचा होता. हे सरकारचेच आकडे आहेत. तरीही मागे चिकटणं हा कुणाला गुन्हा वाटत नाही. "जरा घाई होती" म्हटलं की विषय संपतो. माझ्या आईच्या जिवापेक्षा मोठी अशी कुठली घाई होती त्याला?

दादा, आणि लोक नावं ठेवतात ती तुम्हाला. ट्रकवाले असे, ट्रकवाले तसे. चिपळूणकरांनी तरी तसं म्हणू नये. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदी आमच्या घराघरात शिरली, त्यानंतर चादरी, तांदूळ, पिण्याचं पाणी घेऊन घाटावरून जे ट्रक आले ते कुणीतरी रात्र रात्र जागून चालवतच आणले होते. त्या ड्रायव्हरांची नावं आम्ही कुणी विचारली नाहीत. चिखल उपसायच्या गडबडीत ते राहून गेलं. माणुसकी म्हणजे कुणीतरी फार मोठं काही करावं लागतं असं नाही. आपल्या हातात दहा-पंधरा टन वजन आहे, पुढच्याच्या अंगावर फक्त रेनकोट आहे, एवढं ज्याला दिसतं तो चांगला माणूस. तुम्हाला ते धुक्यातून दिसलं.

पोफळीला खाली उतरल्यावर मी चहासाठी गाडी बाजूला घेतली. तुम्ही जाताना एकदाच, अगदी हलका हॉर्न दिलात. आईने हात जोडले. तुम्हाला आरशात दिसलं असेल का, माहीत नाही. दोरीने आवळलेली ताडपत्री आणि मागचे लाल दिवे एवढंच मला दिसलं. नंबर प्लेट चिखलाने भरली होती.

आता मीही मोटरसायकलवरून कुणाच्या मागे असलो, पुढे सायकलवाला असो की डोक्यावर भारा घेतलेली बाई, लाईट आधी डिपरवर टाकतो आणि लांब राहतो. मला हे कुणी शिकवलं ते त्यांना माहीत नसतं, मला माहीत आहे.

बहादूरशेख नाक्याच्या थोडं अलीकडे आमचं घर आहे. त्या बाजूने कधी गेलात तर जेवायला थांबा. नाक्यावर कुठल्याही चहावाल्याला विचारा, "घाटात आईला घेऊन येणारा मोटरसायकलवाला कुठे राहतो?" मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. गाडी लावायला मोकळी जागा आहे. आई घावणे करेल, श्रावण नसेल तर मासेही असतील. क्लीनरलाही सोबत आणा.

तुमचा,
पुढचा मोटरसायकलवाला