ऑलिम्पियाड बॅचच्या नावाखाली फाउंडेशनचे वर्ग

प्रति,
शाखा व्यवस्थापक,
कॉलेज रोड शाखा, नाशिक

विषय: जाहीर केलेला अभ्यासक्रम न शिकवल्याने फी परत मिळण्याबाबत

महोदय,

माझी मुलगी आठवीत आहे. तिचा प्रवेश घेतला तो आपल्या माहितीपत्रकातल्या 'मॅथ ऑलिम्पियाड स्पेशल बॅच' या शब्दांवर विसंबून. आयओक्यूएम (गणित ऑलिम्पियाडची पहिली पात्रता परीक्षा) आणि पुढे आरएमओची (त्यानंतरची प्रादेशिक फेरी) तयारी करून घेऊ, असे तोंडीही सांगितले होते. पहिले सत्र संपले. हातात पडली ती जेईई, म्हणजे इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेच्या, फाउंडेशनची मॉड्यूल्स. नंबर थिअरी (पूर्णांकांचे गुणधर्म), कॉम्बिनेटोरिक्स (मोजणीच्या रीती) यांचा एकही तास झालेला नाही.

एका चाचणीच्या पानाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. प्रश्न असा: कोणत्याही पूर्णांकाच्या घनातून तोच पूर्णांक वजा केल्यास उत्तराला 6 ने भाग जातो, हे सिद्ध करा. मुलीने 2, 3, 4, 5 घालून 6, 24, 60, 120 काढले आणि खाली 'म्हणून सिद्ध' लिहिले. त्यावर लाल पेनने बरोबरची खूण, 5 पैकी 5 गुण! ही सिद्धता नव्हे. ती वजाबाकी म्हणजे लगतच्या तीन संख्यांचा (आधीची, ती स्वतः आणि पुढची) गुणाकार. त्यांतली एक 3 च्या पटीत असतेच, किमान एक सम असतेच, म्हणून 6 ने भाग जातोच. सरांनी एवढ्या दोन ओळी लिहिल्या असत्या तर तिला विचार करायची एक रीत कळली असती. आता चार उदाहरणे जुळली की झाले, असे तिच्या डोक्यात बसले आहे. फीपेक्षा मला याचे जास्त वाईट वाटते.

समन्वयक मॅडम म्हणाल्या, "जेईईच्या तयारीत सगळे येते." हे मला मान्य नाही. आयओक्यूएमच्या 30 प्रश्नांना पर्याय नसतात, 00 ते 99 मधले उत्तर स्वतः काढावे लागते. आरएमओत तर सविस्तर सिद्धता लिहायच्या असतात. त्यासाठी एकाच प्रश्नाशी तासभर झटायची सवय लागते. आपल्या वर्गात घड्याळ लावून पर्याय निवडायला शिकवतात.

गणितज्ञ द. रा. कापरेकर नाशिकजवळच्या देवळालीच्या शाळेत शिकवता शिकवता 6174 पर्यंत पोहोचले; सगळे अंक सारखे नसलेल्या चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहिले की शेवटी हीच संख्या येते. त्याच नाशिकमध्ये मुलांना संख्यांशी खेळू देणारा तास पैसे मोजूनही मिळू नये?

दुसऱ्या हप्त्याची पूर्ण रक्कम 15 दिवसांत परत करावी. तसेच ऑलिम्पियाड शिकवू शकणारे शिक्षक नेमेपर्यंत तो शब्द जाहिरातीतून काढावा. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. पावती आणि माहितीपत्रक माझ्याकडे आहे.

मुलीच्या सर्व चाचण्यांचे मूळ पेपरही द्यावेत. त्यांतली उत्तरे तिला नव्याने लिहायची आहेत.

आपली,
विद्यार्थिनीची आई
इंदिरानगर, नाशिक