मंगळवेढ्याच्या मामांना

आमच्या खिल्लार गाईचं वासरू जन्मतःच गेलं. शेजारच्या वस्तीवर नेमकी कालवड पोरकी झालेली. ती आणली, तर आमची गाय हुंगून शिंगं रोखायची.

सोलापूरच्या जनावरांच्या बाजारात भेटलेले मंगळवेढ्याकडचे मामा सगळं ऐकून सरळ आमच्या टेम्पोत बसले. मेलेलं वासरू पुसलेलं गोणपाट त्यांनी कालवडीच्या अंगावर चोळलं. गाईच्याच दुधाच्या धारा तिच्या पाठीवर, शेपटीवर सोडल्या, वर मीठ भुरभुरलं. मग रात्रभर गाईच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवत, हाताने पेंड चारत बसले. आमचं कुणाचं एवढं धीराचं काम नाही! पहाटे गाय चाटायला लागली, पान्हा सोडला.

मामा, पैसे नाकारलेत, निदान भाकरीला तरी या. कालवड झकास आहे.